चंद्रावरचे डाग

एकाच निळ्यात कमी-जास्त पांढरा कालवून रावजी पेंटरनं नगरपालिकेच्या भिंतीवर गावचा बुरूज चांदण्यात उभा केला. आठ दिवस नुसता जीव ओतला.

नगराध्यक्षांनी नाक मुरडलं. "सगळं निळंच? बाकीचे रंग काय माहेरी गेले?"

"चांदण्यात असंच दिसतं, साहेब."

"आणि एवढा मोठा चंद्र रिकामाच? त्यात माझा चेहरा काढ. मिशीसकट."

रावजीनं पुन्हा भिंतीला शिडी लावली.

उद्घाटनाला पडदा सरकला. चंद्रातून साहेब हसत होते, गालांवर आणि कपाळावर गडद निळे डाग. गर्दीत खसखस पिकली.

"हे डाग कसले रे?" साहेब कडाडले.

"चंद्राचे, साहेब," ब्रश पुसत रावजी म्हणाला. "तुमचे असते, तर पांढरा मारून झाकले नसते का?"