नदी परत फिरते

"आई, तो उलटा धरलाय तुम्ही," सून हळूच म्हणाली.

लेखिकाबाईंनी हातातला कंट्रोलर सुलटा केला आणि जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने समोर पाहिलं. भिंतभर मोठा पडदा होता. मागे खुर्च्यांवर, टेबलांवर, दाराच्या चौकटीला टेकून गेम बनवणारी अख्खी टीम श्वास रोखून थांबली होती. बाईंच्या सहा कादंबऱ्यांवरून, चार वर्षं खपून, या लोकांनी हा गेम केला होता. बाई हो म्हणाल्या तर तो बाजारात येणार, नाही म्हणाल्या तर चार वर्षांवर पाणी. करारच तसा होता.

बाई नाही म्हणायलाच आल्या होत्या. सातवा आणि शेवटचा भाग त्यांच्या हातून पुरा होत नव्हता. सहाव्याच्या शेवटी त्यांनी आपल्या नायिकेला, धाकटीला, राजधानीत अडकवून ठेवलं होतं. रस्ते शत्रूने रोखलेले. उरली फक्त नदी, आणि ती वाहणार धाकटीच्या गावाकडून राजधानीकडे. प्रवाहाविरुद्ध एकटी पोरगी वल्हवून वल्हवून किती वल्हवणार? कित्येक वर्षं धाकटी तिथेच बसून होती आणि वाचक बाईंच्या नावाने खडे फोडत होते. अशात परक्यांनी त्या राज्यात हुंदडावं, हे बाईंना मुळीच खपत नव्हतं. फक्त नाही म्हणायला एखादी ढळढळीत चूक हाती लागायला हवी होती.

पडद्यावर गावाचा धक्का उजळला. दोरांना बांधलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी, भर दुपारचं ऊन.

"धक्क्यावरच्या कुत्र्याचा कान?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

"डावा. फाटका," मागून कुणीतरी म्हणालं.

कुत्रा वळला. कान डावाच होता आणि फाटकाच होता. बाईंनी ओठ आवळले आणि धाकटीला होडीत बसवलं.

मग मात्र त्यांचं त्यांनाच कळेना काय होतंय ते. वळणावरची पाणचक्की आली, जशी त्यांनी लिहिली होती तशीच, एक पातं मोडलेली. पुलाखालून जाताना धाकटीने आपोआप मान खाली घातली, तर बाईंनीही घातली. राजधानीच्या भिंती दिसल्या तेव्हा त्या खुर्चीच्या अगदी कडेला आल्या होत्या आणि चष्मा नाकावर घसरला होता. बाजारात शिरतात न शिरतात तोच संध्याकाळ झाली आणि शिपाई मागे लागले.

"आले मेले! अगं, पळ ना!" बाई धाकटीवर ओरडल्या. सुनेने त्यांच्या चहाचा कप बाजूला सरकवला.

घाट. अंधार. होडीत उडी. दोर सोडला. होडी हलली, फिरली आणि निघाली, पण ज्या दिशेने आली होती त्याच दिशेला. मोडकं पातं पुन्हा समोरून येऊ लागलं. वल्ही तर होडीत पडून होती.

"सापडली!" बाईंनी टाळी वाजवली. "नदी उलटी वाहतेय! अहो, चार वर्षं केलंत काय? नदी कुठून कुठे जाते एवढंही बघितलं नाहीत?"

मागून एक मुलगी पुढे आली. पाण्याचं सगळं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला नदीवालीच म्हणत.

"बघितलं ना, बाई," ती म्हणाली. "पहिल्या भागात धाकटी राजधानीला येते ती दुपारी. आणि चौथ्या भागात राजवाड्याच्या घाटावर सोडलेला दिवा वाहत वाहत तिच्या आईच्या दाराशी लागतो, तो रात्री. म्हणजे नदी रात्री परत फिरते. तुम्ही कुठेच उघड सांगितलं नाहीत. पण वाचणाऱ्याला कळतंच की."

सुनेला जोराचा ठसका लागला. चौथा भाग तिनेच टाइप केला होता. घर बदलण्याच्या धामधुमीत बाईंनी तो दिवा भलत्याच दिशेला सोडून दिला होता आणि पुस्तक छापून आल्यावर दोघी सासूसुनांनी कपाळाला हात लावला होता. वाचकांनी विचारलं की बाई गूढ हसून म्हणत, "विचार करा."

या पोरीने केला होता.

"काही चुकलं का आमचं?" नदीवालीने विचारलं.

बाईंनी सुनेकडे पाहणंच टाळलं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. होडी आपली आपण चालली होती. पाणचक्की मागे पडली. शिपायांच्या मशाली लांब राहिल्या. काळ्या पाण्यावर एकटी धाकटी, हात मांडीवर ठेवून, घरी निघाली होती. इतका आनंद बाईंना पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हाही झाला नव्हता.

लांब एक खिडकी उजळलेली दिसली. धक्का जवळ आला. फाटक्या कानाचा कुत्रा उठून उभा राहिला.

बाईंनी घाईघाईने कंट्रोलर नदीवालीच्या हातात कोंबला.

"थांबव. इथेच थांबव. तिला खाली उतरवू नका, ते माझं काम, सातव्या भागातलं." मग सगळ्या टीमकडे वळून म्हणाल्या, "आणा तुमचा तो कागद, सही करते. सूनबाई, चल लवकर, घरी जायचंय. आणि हसू नकोस."

मागे एकच जल्लोष झाला. कुणी टेबलावर चढलं, कुणी कुणाला मिठी मारली. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. पायात एक चप्पल घालून त्या दारातच थबकल्या आणि त्यांनी नदीवालीला जवळ बोलावलं.

"काय गं, तुमच्या खेळात रात्र केवढी असते?"

"बारा मिनिटांची, बाई."

"माझ्याकडे जरा मोठी ठेवीन," बाई म्हणाल्या.