पहिल्या नंबरचं गाणं

गोंदियाच्या मोबाइलच्या दुकानात ते गाणं वाजलं आणि रश्मी जागीच थबकली. दोन अल्बम आपटल्यावर कुण्या अमेरिकन रॅपरचं हे गाणं तिकडे पहिल्या नंबरवर गेलंय, असं दुकानदार कौतुकानं सांगत होता. पण रॅपरच्या भरभर बोलण्यात मधूनमधून जो बाईचा आवाज येत होता, तो रश्मीच्या आजीचा होता. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याआधी कधीतरी एक गोरा पाहुणा त्यांच्या गावी, दरेकशाला येऊन तिचं गोंडी रेला गाणं टेप करून गेला होता.

रश्मीनं गाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं, संध्याकाळच्या गाडीनं दरेकशाला आली आणि ते बापाला ऐकवलं.

"पाहा बाबा, चोरलं का नाही? विचारलं नाही, आजीचं नावसुद्धा नाही. तक्रार करू आपण."

बापानं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"नाव पाह्यजेच," तो म्हणाला. "ते मागून घेऊ. पण त्याले चोर नको म्हणू."

"काऊन?"

"रेला एकट्यानं गात नसते, पोरी. एकीनं म्हणावं, दुसरीनं जवाब द्यावा. त्या रोजी साऱ्या बाया तेंदूपत्ता तोडाले गेल्या होत्या. माय मशीनपुढं एकटीच गायली, अन् घरी येऊन रडली, जवाबच नाही आला म्हणून."

त्यानं मोबाइल कानाशी धरला.

"हा पोट्टा तिले जवाब देऊन राह्यला."