पिकलेले केस

"ताई, पांढरे करायचेत? सगळे?" पार्लरमधली मुलगी बघतच राहिली. पेशींना ऑक्सिजनचा गंज चढू न देणारी लस तिच्या जन्माआधीच आली होती. पिकलेला केस तिने पाहिलाच नव्हता.

"सगळे," मृण्मयी म्हणाली. वय एकशे चार, चेहरा तिशीचा. तिच्या लेकीला, चारूला, ती लस मानवली नव्हती. ऐंशीची चारू अंथरुणाला खिळली होती आणि रोज नवी नर्स मृण्मयीला विचारायची, "आजींची नात का तुम्ही?"

म्हातारपणी अंगात साचून केस पिकवतं तेच पेरॉक्साइड मुलीने ब्रशने लावलं. "महिन्याभरात मुळं काळी दिसतील हं."

संध्याकाळी चारूने ते केस कुरवाळले. "आता दिसतेस माझी आई. मुळं काळी दिसायच्या आत जाईन गं मी."