मशीनचा आवाज

छोटीला बोलतं करणाऱ्या बाई आज पहिल्यांदाच घरी आल्या होत्या. दवाखान्यात पोरगी तोंडातून ब्र काढत नव्हती, तेव्हा बाईच म्हणाल्या, घरी तरी काढते का बघू. चार वर्षांची झाली, कान ठणठणीत, सांगितलेलं सगळं कळतं. पण बोलायचं नाव नाही. शाळेनं तर साफ सांगितलं होतं, आधी बोलू दे, मग आणा.

आई शिवणकाम करायची. खोली कसली, शाळेच्या गणवेशांचं गोदामच ते. खुर्चीवर शर्ट, पलंगावर फ्रॉक, दाराच्या कडीला बिनबाह्यांचे सदरे. बाईंना बसवायला तिनं एक ढीग उचलला आणि ठेवायला जागा मिळेना म्हणून तो हातातच धरून उभी राहिली.

आतल्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाय गेले होते, कान मात्र शाबूत. तिथूनच त्यांनी हजेरी लावली. नात म्हणजे आमचे मौनीबाबा, असं सांगून हसल्या. पण सून कामाला वाघ आहे हो, भरदुपारीसुद्धा पाठ टेकत नाही, जेव्हा बघावं तेव्हा मशीन सुरूच.

बाईंनी खेळणी मांडली. बाहुली, गाडी, कपबशी. छोटीनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मशीनच्या पायाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली आणि चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करू लागली.

मग बाईंनी आईलाच विचारायला घेतलं. तिनं फटाफट उत्तरं दिली. हो, बोलते ना पोरीशी. जेव, झोप, कात्रीला हात लावू नकोस. गोष्टी सांगायला वेळ कुठला? नवरा बोटीवर, वर्षाकाठी एकदा उगवतो, फोनवर सगळं ठीक ना एवढं विचारतो. नाही, घरात भांडणं नाहीत. रडारड तर मुळीच नाही. पोरीसमोर आपण कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, हे तिनं जरा ताठ मानेनंच सांगितलं.

"आणि तुम्ही कशा आहात?" बाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" म्हणून ती हसली, आणि हसता हसताच हातातला ढीग तिनं खाली जमिनीवर टाकला. कितीतरी दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. एवढी कॉलर उरकते हं, असं काहीतरी पुटपुटत तिनं पाठ फिरवली आणि मशीनवर जाऊन बसली.

ही तिची जुनी युक्ती. आधी सुईतला दोरा काढायचा, नाहीतर खाली गुंता होतो. मग मान खाली घालून नुसते पाय मारत सुटायचं. त्या खडखडाटात हुंदका कुणाला ऐकू जातोय? रडून झालं की तोंड पुसूनच वळायचं. सासूबाईंना वाटायचं, सून कामाला लागली. पोरगी तर चिंध्यांत रमलेली. तिला काय कळतंय, असं आई धरून चालली होती.

मशीन भरधाव सुटलं. बाई थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग तिच्याशी बोलावं म्हणून उठल्या, तशी मशीनच्या पायाशी बसलेली छोटी उठली आणि दोन्ही हात पसरून त्यांना आडवी आली.

"आत्ता बोलायचं नाही," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. "मशीनला दोरा नाहीये."

आईचा पाय जागच्या जागी थांबला. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, मशीन का थांबलं?"

छोटीनं रीळ उचललं, आई करते तसं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि आईच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

आईनं या खेपेला तोंड पुसलं नाही. तशीच वळली.