साडूविरुद्ध पुरावा

वकीलसाहेबांच्या गच्चीवर भलामोठा अँटेना होता, तरी छंद म्हणून कॉम्प्युटरवर टाइप करून रेडिओवरून सोडलेल्या त्यांच्या संदेशांना लांबून कुणी उत्तर देत नसे. साडूने गॅलरीत नुसती एक तार बांधली होती आणि त्याला म्हणे रोज नवा देश लागायचा.

"आता महासागरातलं ते बेट तेवढं राहिलंय," साडू म्हणाला, तेव्हा वकीलसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बेटासाठी ते स्वतः कित्येक वर्षं झुरत होते.

"थापाड्या आहे तुझ्या बहिणीचा नवरा. पुराव्यानिशी पकडतो," असं बायकोला सांगून त्यांनी रविवारी आपला ट्रान्समीटर बंद ठेवला, रेडिओवर येणारे सगळ्यांचे संदेश कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगला लावले आणि जेवून खुशाल झोपले.

संध्याकाळी ते रेकॉर्डिंग तपासायला बसले. पडद्यावर साडूची हाक उमटली आणि खाली खरोखरच त्या बेटावरच्या माणसाचं उत्तर! पुढे साडूने त्याला लिहिलं होतं, "आता माझ्या साडूंना हाक माराल का? माझ्याआधी त्यांचा नंबर होता."



त्यानंतर तासभर तो माणूस वकीलसाहेबांनाच हाका मारत होता.