त्रेचाळीस चुका

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण ती खरंच गेली हे माळ्याला कळलं ते तिने लिहिलेला प्रोग्राम बंद पडला त्या सकाळी. रोपवाटिकेतले पाण्याचे नळ तो प्रोग्रामच उघडत असे. मुलीने संगणकावर प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती घातली, आणि पडद्यावर त्रेचाळीस चुका उमटल्या.

"बाबा, नव्या आवृत्तीला आईची जुनी पद्धत कळत नाही. मी दुसरा लिहून देते."

"हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि झारी उचलून रोपांकडे गेला.

दुसऱ्या सकाळी चुका एकेचाळीस होत्या. तिसऱ्या सकाळी छत्तीस.

"चोरून दुरुस्त करतेस होय गं?"

"मी? तुम्हाला माऊस धरता येत नाही म्हणून, नाहीतर मी तुमच्यावरच संशय घेतला असता!"

मुलीने कीबोर्ड काढून नेला. त्याने खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. चुका घटतच राहिल्या. दहाव्या सकाळी एकच उरली होती, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत तीही गेली.

बाहेर सगळे नळ एकदम सुटले. माळी धावत रोपांमध्ये गेला आणि चिंब भिजत ओरडला, "चालला! अगं, तिचाच चालला!"

तो हसत आत आला, तेव्हा मुलगी पडद्यावरून नजर काढत नव्हती. प्रोग्रामच्या तळाशी बायको नेहमी उरलेलं काम लिहून ठेवायची. तिथे आजची तारीख होती. त्याने वाकून वाचलं.

"बाकी सगळं झालं. फक्त ह्यांना भेटायचं राहिलंय."