राख कुणाची

भरदुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तानाबाईने ढिगातली राख टोपल्यात भरली. लपवायचं तिच्या मनातच नव्हतं.

कापसाच्या जिनाच्या बॉयलरमधली कोळशाची राख वर्षानुवर्षं तिथेच पडत आली होती आणि तिच्याखाली वस्तीचं मसण होतं. तानाबाईची माणसं मेलेल्याला पुरत, उशाला धाम नदीतला दगड ठेवत. तिची लेक सुलोचना तिथेच होती. दगड राखेखाली कधी गेला ते कळलंही नाही, मग रडायचं तरी कुठे बसून? वस्तीने फाटकाशी जाऊन किती वेळा हात जोडले. मॅनेजर रूपराव दात कोरत एकच सांगायचा, फाटकाबाहेर गेलेली राख जिनाची नाही, आमचा काय संबंध? मेलेल्यांच्या छातीवर घाण टाकायची आणि वर हात झटकून मोकळं व्हायचं! गेल्या दसऱ्याला बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हापासून वस्तीने हात जोडणं सोडलं होतं.

आज मात्र ढिगाशी खुर्ची होती आणि खुर्चीत नागपूरचा साहेब. राखेतून रेडिओला लागणारा कुठलासा दुर्मिळ धातू निघतो म्हणे. वरची राख कामाची आहे, खालची राहू द्या, असं साहेब सांगत होता. पण विकत घ्यायची तर राख नक्की कुणाची, ते आधी ठरायला हवं होतं. रूपराव कधी नव्हे तो कमरेत वाकून उभा होता.

तानाबाई टोपलं डोक्यावर घेऊन मुद्दाम त्या दोघांच्या समोरूनच निघाली.

रूपराव भडकला. चोरटी म्हणाला, पोलिसांचं नाव काढलं. चोराच्या उलट्या बोंबा! तानाबाईच्या अंगाची लाही लाही झाली, पण ती टोपलं घेऊन तिथेच उभी राहिली. तिला हवं ते अजून त्याच्या तोंडून निघायचं होतं. आरडाओरडा ऐकून वस्तीतली माणसंही गोळा झाली.

"ही राख जिनाची आहे," रूपराव साहेबाला ऐकू जाईल असं ओरडला. "वरपासून तळापर्यंत, कणन् कण आमची मालमत्ता आहे."

तानाबाईने टोपलं त्याच्या पायाशी ओतलं.

"साहेब, तुमी ऐकलं ना?" ती म्हणाली. मग रूपरावकडे वळली. आजवर त्याला मालक म्हणत आली होती ती. "राख तुही हाय ना, रूपराव? मंग तळापर्यंत उचल. माही पोरगी खाली दबून राह्यली."